मास्तरांची पेटी आणि हरकतीचा प्रश्न

मित्रांनो, न्यूझीलंडमधल्या लोअर हट शहरातल्या एका घरात, पाहुण्यांच्या खोलीत मला ठेवले आहे. मी एक जुनी पेटी आहे, म्हणजे हार्मोनियम. माझा जन्म मिरजेचा. अंग सागवानी, सूर पितळी. अहमदनगरच्या एका चर्चमध्ये मधुकर साळवे मास्तर मला वाजवत. रविवारी उपासना आणि मोसमात लग्ने. "मास्तरांच्या पेटीशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही," असे लोक म्हणत. ते ऐकायला मला फार आवडे.

मास्तरांची मुलगी ममता नर्स होऊन न्यूझीलंडला आली. पत्नी वारल्यावर मास्तर मला घेऊन तिच्याकडे राहायला आले. त्या घरात ज्यूडिथही राहत असे. मैत्रीण असेल, असे मास्तरांना वाटले. ज्यूडिथला मराठीचे एकच वाक्य येई.

"जेवलात का, बाबा?" ती सकाळी उठल्या उठल्या विचारी.

"अजून चहा व्हायचाय, बाई!" मास्तर हसत.

२००६ साली ममताने सांगितले, की ती आणि ज्यूडिथ चर्चमध्ये लग्न करणार आहेत. तिथला कायदा त्याला लग्न न म्हणता सिव्हिल युनियन, म्हणजे नोंदणीकृत सहजीवन, म्हणे. ममता लग्नच म्हणे. त्या दिवसापासून मास्तरांनी मला हात लावला नाही. ते बायबल उघडत आणि न वाचताच मिटत.

एका संध्याकाळी ममता त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, माझ्या लग्नात पेटी वाजवाल?"

"लग्न लावण्याआधी जमलेल्यांना विचारतात, कुणाची हरकत आहे का, ते विचारणार आहेत?"

"तो प्रश्न गाळता येतो. पाळकबाईच म्हणाल्या."

"गाळायचा नाही. मी वाजवली त्या प्रत्येक लग्नात तो विचारलाय. तुझ्याच लग्नात का नाही?"

"आणि विचारल्यावर तुम्ही काय म्हणाल?"

"ठाऊक नाही. पण देवाच्या घरात गप्प बसून खोटं वागता येणार नाही मला."

ममताने माझ्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाली, "ठीक आहे. विचारू दे."

लग्नाच्या दिवशी मी वेदीजवळ होते. पाळकबाईंनी प्रश्न विचारला. मास्तरांनी भात्यावरचा हात काढला. ते उभे राहिले. ममताने डोळे मिटून घेतले.

"माझ्या मनाला शांती नाही," मास्तर इंग्रजीत सावकाश म्हणाले. "प्रार्थना करतो, पण उत्तर मिळत नाही. या दोघींचं प्रेम मात्र मी रोज पाहतो. माझी हरकत नाही."

ते खाली बसले आणि गीत वाजवू लागले. इतके दिवस बंद राहिल्याने माझे सूर अडखळत होते. पण ते शेवटच्या कडव्यापर्यंत थांबले नाहीत.

पुढच्या वर्षी ते नगरला परत निघाले.

"बाबा, पेटी राहिली!" ममता म्हणाली.

"राहू दे इथेच. तिकडे मंडळी विचारतील, मुलीचं लग्न कुणाशी झालं. मला अजून सांगता येत नाही. सांगता आलं, की येईन न्यायला."

ते अजून आलेले नाहीत. दर रविवारी त्यांचा फोन येतो. हवामान, गुडघे, औषधे, सगळ्यांवर बोलणे होते. तो एक विषय निघत नाही.

मित्रांनो, ममता माझ्यावरची धूळ पुसते. पण तेवढ्याने भागत नाही. बंद ठेवलेल्या भात्याचे चामडे कडक होते, मग एक दिवस ते चिरते. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती अधूनमधून उघडा. सूर वेडावाकडा निघाला तरी चालेल.