इंजिन थंड होईपर्यंत

गाडी आमच्या दारात आली तेव्हाच सात वर्षांची होती. इंजिन गार ठेवणारं कूलंट कधी बदललं होतं असं आधीच्या मालकांना विचारलं, तर म्हणाले, "बदललं असेल की कधीतरी."

शनिवारी घाटापलीकडे माझ्या आईच्या डोळ्याची ऑपरेशननंतरची पट्टी निघणार होती. चिऊ जन्मल्यापासून तिने नातीला नीट असं पाहिलंच नव्हतं. नुसती चाचपली होती. मी शब्द दिला होता, पट्टी निघेल तेव्हा चिऊ समोर असेल. घाटातून, लेकीला घेऊन, मी एकटी गाडी चालवणार होते.

"परत आल्यावर बदल," नवरा म्हणाला. "कूलंटचा डबा काठोकाठ भरलाय."

"भरलाय म्हणून आतलं चांगलं असतं? परवा फ्रिजमधलं दूध कोण प्यायलं होतं?"

तो बूट घालायला लागला.

गुरुवारी सकाळी, इंजिन गार असताना, चिऊला तिच्या बाबाकडे दिलं आणि तापाच्या औषधाचा जुना ड्रॉपर घेऊन खाली गेले. डब्यातलं थोडं कूलंट ओढून टवका उडालेल्या पांढऱ्या बशीत सोडलं. पाहून झाल्यावर बशी आणि ड्रॉपर दोन्ही बांधून कचऱ्यात टाकले. कूलंट विषारी, वर चवीला गोड म्हणतात, आणि आमच्या चिऊबाई सध्या चप्पलसुद्धा चाखून बघतात.

मग गॅरेजवाल्या काकांना फोन लावला.

"रंग कसाय, ताई?"

"मूळचा हिरवा असावा, आता मातकट. तळाशी बारीक तांबूस कण. पातळ आहे, चिकटपणा अजिबात नाही. वास किंचित गोडसर."

"ताई, गाडीचंच सांगताय ना?"

वर्षभर बाळाच्या डॉक्टरांना फोनवरून लंगोटाची हकिकत सांगून जीभ अशी वळली होती.

"आत गंज धरलाय," काका म्हणाले. "घाटात घालू नका, बदलूनच जा. फक्त इथे आल्यावर दोन तास थांबा. इंजिन थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडत नाही मी."

खरी पंचाईत इथे होती. नवरा कामावर जाणार, म्हणजे चिऊ माझ्याबरोबरच. चिऊ दिवसा झोपते ती फक्त चालू गाडीच्या आवाजावर. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की दुसऱ्या मिनिटाला डोळे टक्क. झोपेला आलेलं पोर आणि बंद गाडी, दोन तास. नवऱ्याचं 'परत आल्यावर' क्षणभर फार शहाणपणाचं वाटलं. पण मग घाटातलं ते उभ्या चढाचं चौथं वळण आठवलं, आणि मी गॅरेज गाठलं.

पहिला तास चिऊ रडली. दुसऱ्या तासात काकांनी लोखंडी पाने वाजवून दाखवले, मग तोंडाने "घर्रर्र" केलं. चिऊने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की ते आपल्या दुसऱ्या कामाला लागले. इंजिन थंड झाल्यावर झाकण उघडलं, डबक्यासारखं गढूळ पाणी निघालं, नळी लावून आतलं सगळं धुतलं, नवं हिरवंगार कूलंट भरलं.

"आता आतली हवा निघेपर्यंत चालू ठेवायची," म्हणत त्यांनी किल्ली फिरवली.

मी बाहेर सावलीत स्टुलावर बसले होते. दोनच मिनिटांत माझ्या खांद्यावरचं डोकं जड झालं.

बऱ्याच वेळाने पंखा फिरून थांबला. काका चवड्यांवर चालत आले. "झालं," अगदी हळू म्हणाले, "शनिवारी खुशाल जा. बंद करू?"

मी नुसतं चिऊकडे पाहिलं.

त्यांनी हातातला पाना फडक्यावर अलगद ठेवला. "राहू द्या पाच मिनिटं. एखादा बुडबुडा राहिला असेल अजून."