गाडी ह्यांचंच ऐकते
आमची जुनी गाडी ह्यांच्याशिवाय कुणाला भीक घालत नाही. त्या दिवशी मात्र हेच मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून पडले होते. सकाळी चहा पिताना तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला आणि वाचाच गेली. ॲम्ब्युलन्सची वाट कोण बघणार, म्हणून थोरल्याने गाडी काढली. दवाखान्याच्या वाटेवर, पुलाच्या चढावर, ती आचके देऊन बंद पडली.

थोरला चावी फिरवत ॲक्सिलरेटर दाबत सुटला. पेट्रोलचा वास नाकात गेला.

"अरे, शिलाई मशीन आहे का ते, पाय मारत सुटलायस?"

"मग तूच चालव, आई!"

एवढ्यात ह्यांचा डावा तळवा खाली-वर हलला. पाणी हवं असेल म्हणून मी बाटली तोंडाला लावली, तर सगळं हनुवटीवरून सांडलं आणि ह्यांनी डोळे वटारले. गाडीला कुणी हात लावला की हे असेच बघायचे.

"पाय काढ मेल्या! पेट्रोल जास्त झालंय आत. ते उडेपर्यंत थांब म्हणतायत."

"पण किती वेळ?"

ते सांगायला ह्यांना जीभ कुठे होती?

मागच्या गाड्या हॉर्न मारत बाजूने निघून जात होत्या. मी एकेकाला शिव्या घातल्या, हात जोडले, कुणी थांबेना. मग ह्यांचा डावा हात धरून बसून राहिले. तोही आता जड लागत होता.