डोंगरावरचा टँकर

शेळीने मोटारसायकलला अडकवलेली पिशवी ओढली आणि तिच्यातला काळा डबा तात्याबाच्या पायाशी पडला. डब्याला चिकटपट्टीने बॅटरी बांधलेली होती. बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

गहिनीनाथ लिंबाच्या सावलीत मोबाईल बघत बसला होता. तो घाईने उठला.

"फुटला का, मामा?"

"न्हाई. काय हाय हे?"

"टँकर," गहिनीनाथ हसून म्हणाला.

तात्याबा हसला नाही. उन्हाळा लागल्यापासून गहिनीनाथ रोज वस्तीवर यायचा, लिंबाखाली बसायचा आणि निघून जायचा. लोकांना वाटे, याच्या गावात रेंज नसेल, ठरलेल्या मुलीशी बोलायला येत असेल. तात्याबाची बायको सारजाबाई त्याला लग्नावरून चिडवायची आणि न मागता तांब्याभर पाणी द्यायची. तिला जाऊन महिना होत आला होता. आता तांब्या तात्याबा देई.

"टँकर मंजी?"

"तुमाला खरंच ठावं न्हाई?" गहिनीनाथला नवल वाटले. "सोसायटीच्या टँकरला हे लावलेलं असतंय. आभाळातून सिग्नल घेतंय अन् टँकर कुठं हाय ते तालुक्याला कळवतंय. हापिसात नकाशावर ठिपका दिसतो. ठिपका वस्तीवर अर्धा तास थांबला की पाणी पोचलं."

वस्तीवर टँकर एकदाही आला नव्हता. सोसायटीत विचारले की पुढच्या आठवड्यात म्हणत.

"अन् खरा टँकर?"

"चेअरमनच्या मोसंबीत." गहिनीनाथचा आवाज खाली आला. "आदी सटवा डायवर लायटरच्या जागी एक यंत्र लावायचा. त्येच्यानं सिग्नलच मरायचा. पर मंग ठिपका गायब व्हायचा, सायेब इचारायला लागले. तवापून डबा काढून माझ्या गाडीवर देतेत."

तात्याबाने डबा उचलला. सदऱ्याच्या बाहीने त्याच्यावरची धूळ पुसली.

"ती गेली त्या दिशी आलतास?"

गहिनीनाथने मोबाईल खिशात घातला.

"आलतो. मामीनं पाणी देल्तं."

"व्हय. हंड्यात तेवढंच राह्यलं व्हतं."

तात्याबा घरात गेला. सारजाबाईची चुंबळ खुंटीला तशीच होती. ती डोक्यावर ठेवून, वर डबा ठेवून तो डोंगराच्या पायवाटेला लागला. पलीकडच्या झऱ्यावर पाण्याला जायची तीच वाट. त्याला सवय नव्हती, एका हाताने डबा धरावा लागत होता. शेळ्या मागे निघाल्या. त्यांच्यामागे गहिनीनाथ.

"मामा, हापिसात बघत असतेत. माझं काम जाईल."

तात्याबा चालत राहिला.

चढ अर्धा झाला तेव्हा गहिनीनाथचा फोन वाजला. सटवाचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"अबे, सायेब इचारतो, टँकर डोंगरावर कावून चढलाय? बैलगाडी जात न्हाई तिथं."

"मामाच्या डोक्यावर हाय."

"कोन मामा? सकाळीच घेतली का बे?"

गहिनीनाथने फोन बंद केला.

खिंडीच्या अलीकडे एक सपाट दगड होता. सारजाबाई सापडली ती इथे, रिकाम्या हंड्याशेजारी. तात्याबाने चुंबळ दगडावर ठेवली आणि डबा कलंडू नये असा तिच्यावर बसवला. हिरवा दिवा उन्हात नीट दिसत नव्हता. त्याने हाताची सावली धरून पाहिले. चालू होता.

"अर्धा तास म्हनलास न्हवं?"

"व्हय."

तात्याबा दगडाला टेकून बसला. फोन पुन्हा वाजू लागला. गहिनीनाथने तो उचलला नाही. थोड्या वेळाने तोही खाली बसला.