खारा चहा

चहाचा पहिला घोट घेताच नवऱ्यानं तोंड वेडंवाकडं केलं. "साखरेऐवजी मिठाचा डबा उघडलास की काय?"

थोरलीनं ते हसण्यावारी नेलं. पण गोठ्यात कालवडीनं बादलीत तोंड घालून मान फिरवली, तेव्हा ती विहिरीकडे धावली. तिनं विहिरीचं पाणी चाखलं. खारं होतं.

संशय सरळ धाकट्या जावेवर गेला. तिचं शेत खाडीच्या अंगाला. भरतीचं पाणी बांध ओलांडून येऊ लागल्यापासून भात पिकेना, म्हणून तिथं तळं खणून कोळंबी सोडलेली. ते पाणी झिरपणारच! थोरली तरातरा निघाली.

धाकटी तळ्यातून मेलेली कोळंबी उपसत होती. उन्हानं पाणी तापलं होतं.

"तुझ्या तळ्यानं माझी विहीर नासवली!"

धाकटीनं मानसुद्धा वर केली नाही. "आमची विहीर तळ्याच्या आधीच गेली, जाऊबाई. म्हणून तर तळं खणलं."

"मग बोलली का नाहीस?"

"हे म्हणाले, कळलं तर जमिनीला कुत्रं विचारणार नाही."

रोज घागर घेऊन येणारी धाकटी म्हणायची, 'तुमच्या पाण्याला काय चव आहे!' थोरली फुलून जायची. आता तिचा राग जागच्या जागी विरला.

घरी नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "तूही तोंड उघडू नकोस. आधी जमिनीला गिऱ्हाईक बघू."

"आणि घेणाऱ्यानं काय प्यायचं?" म्हणत ती चढावरच्या गवळ्याकडे गेली. तो नव्या कलमांना पाणी घालत होता. तिनं सगळं सांगून टाकलं.

गवळी खो खो हसला. "वहिनी, आम्ही एवढ्या उंचावर! खाडीला काय पाय फुटलेत?"

त्याची बायको हसली नाही. थोरलीला सोडायला ती वळणापर्यंत आली आणि मागे बघत कुजबुजली, "जरा हळू बोलायचं होतं. खाडी इथवर येणार, हे ह्यांना ठाऊक आहे. उद्या जमीन बघायला माणसं येतायत, म्हणून तर ती कलमं आणून रोवलीत."

थोरलीनं खाली खाडीकडे पाहिलं. भरतीची वेळ नव्हती, तरी पाणी बांधाला लागलं होतं.