कुऱ्हाडीचे दोन ठोके

तिची उंची बेताचीच होती, म्हणून स्टुडिओत सगळे तिला टिंगू म्हणत. वय चाळिशीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण काम मात्र तेरा वर्षांच्या पोराचं. व्हिडिओ गेम होता बर्फाच्या मुलखातला. त्यात दाढीवाले देव, लांबलचक होड्या, डोंगराएवढे राक्षस, आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारा एक अनाथ पोरगा. पोराच्या हातात कुऱ्हाड. ठेंगू लोहारांनी आकाशातून पडलेल्या लोखंडाची घडवलेली, एका फेकीत कडा चिरणारी. जाहिरातीच्या फलकांवर पोराच्या तोंडापेक्षा कुऱ्हाडच मोठी काढली होती. तिला चांगलं भारदस्त नावसुद्धा होतं, टिंगूपेक्षा कितीतरी बरं.

तो पोरगा धावायचा, घसरायचा, कुऱ्हाड फेकायचा, ते सगळं आधी टिंगू करायची. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, त्यावर जागोजागी डकवलेले चमकते गोळे, चारी भिंतींवर कॅमेरे आणि हातात कुऱ्हाडीच्या नावाखाली एक साधा लाकडी दांडा. कॅमेऱ्यांना माणूस दिसायचा नाही, फक्त गोळे दिसायचे. त्या गोळ्यांची हालचाल कॉम्प्युटरवर उचलायची आणि पोराच्या अंगात घालायची. चेहरा पोराचा, आवाज तिसऱ्याच कुणाचा, अंग तेवढं हिचं. आणि ते अंग हिचं आहे हे सांगूनही कुणाला खरं वाटायचं नाही.

घरी बाबा होते. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. दुकान बंद केल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि जाहिरातींसकट वाचून काढायचे. दादाला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, तर दादा परदेशी जाऊन मोटारी विकायला लागला. टिंगूनं हातोड्याला हात लावला की मात्र, “ठेव ते, लागेल.” मलाही शिकवा म्हणून ती मागे लागायची. “हे तुझं काम नाही,” एवढंच उत्तर. मग ती दुकानाच्या दारात उभी राहून बघत बसायची. आता घरात दोघंच होती आणि दोघांत बोलणं म्हणाल तर औषध घेतलं का आणि नळ गळतोय, इतपतच. कधी लहर आली तर बाबा विचारायचे, “आज किती उड्या मारल्यास?” ती म्हणायची, “खूप.” झालं, दिवसाचं बोलणं संपलं.

तर एके दिवशी कुऱ्हाडफेकीचं काम चाललं होतं. टिंगूनं दांडा उचलला, फेकला. दिग्दर्शक बाईंनी हात वर करून सगळं थांबवलं.

“फेकायच्या आधी हे काय केलंस?”

“काय केलं?”

“दांडा जमिनीवर आपटलास. दोनदा. मग वर अंगठा फिरवलास.”

टिंगूला पत्ताच नव्हता. आठवायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं. बाबा हातोडा घेवोत की कुऱ्हाड, आधी दांड्याचं बूड बाकावर दोनदा ठोकायचे, मग लोखंडी डोकं दांड्यावर घट्ट बसलंय का ते अंगठ्यानं चाचपायचे आणि मगच कामाला लागायचे. ढिलं डोकं उडून एखाद्याचा डोळा जातो.

“पातं घट्ट बसायला,” ती म्हणाली.

“अगं, ही दांड्यासकट एकाच लोखंडाची आहे. मंतरलेली. हिचं पातं जन्मात निसटायचं नाही.” बाई वाईट नव्हत्या, आणि त्यांचं म्हणणंही खरं होतं. “शिवाय खेळणाऱ्यानं बटण दाबलं की कुऱ्हाड सुटायला हवी. तुझी ठोकाठोक होईस्तोवर राक्षस पोराला खाऊन ढेकर देईल.”

सगळे हसले, टिंगूही हसली. पण पुढच्या खेपेला हात पुन्हा खाली गेला. त्याच्या पुढच्या खेपेलाही गेला. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, “कापून टाका रे तेवढं.”

तेवढं. टिंगूच्या ते जिव्हारी लागलं. उड्या तिच्या नव्हत्या, बाईंनी सांगितलेल्या होत्या. धावणं पोराचं होतं. त्या सबंध अवाढव्य खेळात तिच्या घरून आलेलं असं हे एकच होतं. आणि मनात तिनं भलतेच मांडे खाल्ले होते, की गेम बाहेर आला की बाबांना समोर बसवायचं, ठोके दाखवायचे, बाबा म्हणतील, अरे, हे तर माझं! निदान एकदा तरी त्या माणसानं आपल्याकडे बघून काहीतरी ओळखावं, एवढीच तिची हाव होती. तेच कापलं जाणार म्हटल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसली आणि रडली. कुणी विचारायला आलं नाही.

हालचाली साफसूफ करणारा एक चष्मेवाला होता. काही दिवसांनी त्यानं तिला जिन्यात गाठलं.

“ताई, ते तुमचे ठोके मी घेऊ का? खेळणारा बटणं सोडून फोनवर बोलत बसला की पोरगा नुसता पुतळ्यासारखा उभा राहतो. त्या वेळात त्याला करायला माझ्याकडे काहीच नाहीये. नाक चोळून चोळून किती चोळणार?”

“बाई काय म्हणतात?”

“तेव्हा राक्षस नसतो ना. बाईंची हरकत नाही.”

गेम बाहेर आल्यावर एका सुट्टीच्या दुपारी टिंगूनं टीव्ही लावला.

“बाबा, जरा बघता?”

“मला नाही कळत त्यातलं.”

“कळायचं काही नाही. नुसतं बघा.”

तिनं पोराला समुद्रकाठच्या एका दगडाजवळ नेलं आणि कंट्रोलर खाली ठेवला. बर्फ पडत होतं. पोरगा उभा होता.

“बिघडलं वाटतं,” बाबा म्हणाले.

“नाही. थांबा.”

पोरानं नाक चोळलं. पायावरचा भार बदलला. मग कुऱ्हाड उभी धरून तिचं बूड दगडावर दोनदा ठोकलं आणि वर अंगठा फिरवला. बाबांचं वर्तमानपत्र मांडीवर आलं.

“पुन्हा लाव.”

“आपोआप करतो. थोडं थांबावं लागतं.”

दोघं थांबली. पोरानं पुन्हा ठोकलं. बाबा खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते.

“हा शिकलेला आहे. कुणाच्या तरी हाताखाली राहिलेला.”

“असेल.”

“असेल काय, आहेच. तुझ्या दादाला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, त्यानं कधी ठोकलं नाही. असा पोरगा आला असता तर दुसऱ्याच दिवशी दुकानात घेतला असता मी त्याला.”

टिंगूला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. तिला हेवा वाटला. स्वतःच्याच हातापायांचा, त्यावर पोराचं कातडं चढवलेल्या हातापायांचा तिला जळजळीत हेवा वाटला. गप्प बसून हे गिळावं असं क्षणभर मनात आलं. पण आजवर पुष्कळ गिळून झालं होतं.

“बाबा, तो मी आहे.”

“तू?”

“तो चालतो, वाकतो, ठोकतो, ते सगळं मी केलंय. वरून दिसायला पोरगा.”

“तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. दारातून बघायचे.”

आता बाबा वर्तमानपत्र उचलणार, असं तिला वाटलं. त्यांनी ते उचललं नाही. ते पडद्याकडे बघत राहिले. पोरानं तिसऱ्यांदा ठोकलं.

“कोपर चुकतंय,” बाबा म्हणाले.

“काय?”

“कोपर अंगाला लावून धरायचं. लांब धरलं की ठोका तिरका बसतो. दारातून ते दिसलं नसणार.”

पडद्यावर बर्फ पडत होतं. त्या पोराला आता काही सांगून उपयोग नव्हता, तो जन्मभर तसाच ठोकणार होता. टिंगू उठली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि रिकामी मूठ आवळून तिनं कोपर कुशीला लावलं.

“असं?”

“आणखी जवळ घे,” बाबा म्हणाले आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले.