डक्ट आणि गोदूबाई

आमच्या घरात शिंका सुरू झाल्या त्या सुनेच्या, आणि संशय आला तो गोदूबाईंवर.

गोदूबाई म्हणजे आमची मांजर. पांढरीशुभ्र, पाठीवर एक मोठा काळा डाग, कुणी घाईत पदर टाकावा तसा. नाव माझ्या नवऱ्यानं, मुकुंदरावांनी, आपल्या आत्यावरून ठेवलं होतं. ती आत्याही न बोलावता यायची आणि उन्हाची जागा बघून बसायची. त्यामुळे मांजरीलाही आम्ही अहो-जाहोच करत आलो. मुकुंदराव गेले, विद्यानगरचं भाड्याचं घर सुटलं, मुलानं, मुकुलनं, उणकलला घर घेतलं. जुन्या संसारातून माझ्याबरोबर चालतं-बोलतं असं काय आलं असेल, तर या गोदूबाई.

उणकलचं घर दुबईहून परतलेल्या एका गृहस्थानं बांधलेलं. छताखाली दुसरं छत, आणि त्या दोन्हींच्या मध्ये सगळ्या खोल्यांतून फिरणारी पत्र्याची चौकोनी नळी. तिच्यातून एसीची हवा खेळते. डक्ट म्हणतात तिला. हुबळीत एसी लागतो तो जेमतेम उन्हाळ्यात, पण आहे म्हटल्यावर मुकुल लावायचाच.

योगिताच्या शिंका वाढत गेल्या. डोळे सुजायचे, पुढे छातीत घरघर व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, "धूळ, बुरशी, मांजर, काहीही असू शकतं. मांजर काही दिवस दुसरीकडे ठेवून बघा."

माझं शिक्षण नववीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातून आणि आता फोनवरून. मी फोन घेऊन बसले. एका व्हिडिओत एक माणूस डक्टमधून काळ्या धुळीचे गोळेच्या गोळे ओढत होता. धूळ बघून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. दुसरीकडे असंही लिहिलेलं होतं की आत बुरशी असेल, उंदीर-घुशी असतील, धूळ ठासून भरली असेल तर साफ करा. एरवी त्यानं ॲलर्जी कमी होते याला पुरावा नाही. ते मी वाचलं, आणि अंगठ्यानं वर सरकवलं. डक्ट दोषी ठरला की गोदूबाई सुटणार होत्या.

"आधी डक्ट साफ करून घेऊ," मी मुकुलला म्हटलं. "फरक नाही पडला तर मग बोल."

"चालेल," तो म्हणाला. इतक्या पटकन की मला वाटलं, पोराला आईचं मन कळतं.

केशवापुरातल्या एकाचा नंबर मीच शोधून दिला. तो येणार त्या दिवशी मुकुल म्हणाला, "आई, धूळ उडेल. तू धारवाडला रुक्मिणीमावशीकडे जाऊन ये. योगितापण माहेरी जातेय." मी गेले. बहिणीला डक्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं भजी तळता तळता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या घराला आतडी आहेत म्हण की!"

संध्याकाळी परतले तर घर लख्ख. पडदे धुतलेले, सोफ्याची खोळ बदललेली, आणि गोदूबाई नाहीत.

"मशीनच्या आवाजाला घाबरून पळाली," मुकुल म्हणाला. "येईल गं, मांजर आहे."

मी वाटीत दूध घेऊन उणकलच्या तळ्याच्या बाजूला "गोदूबाई, अहो गोदूबाई" अशा हाका मारत फिरले. तिथल्या बागेच्या फाटकावरचा वॉचमन धावत आला. "एनु अक्का, यारु? घरातलं कोण हरवलं? वय किती? लुगडं कुठल्या रंगाचं?" मी म्हटलं, पांढरं, पाठीवर काळं. तो बिचारा दोन गल्ल्या माझ्याबरोबर शोधत हिंडला. शेपूट आहे हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

गोदूबाई आल्या नाहीत. योगिता मात्र हळूहळू बरी झाली. आधी घरघर गेली, मग शिंका. एका सकाळी ती माझ्यासाठी इरकल साडी घेऊन आली आणि पाया पडली. "आई, माझ्यासाठी तुम्ही एवढं केलंत." मला वाटलं, डक्टचं म्हणतेय. "त्यात काय," मी म्हटलं, "एक फोन तर केला." ती माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत राहिली.

रडू यायचं, पण समाधानही होतं. गोदूबाई निर्दोष होत्या, हे तरी सिद्ध झालं. मग मी भेटेल त्याला डक्टची महती सांगायला लागले. केशवापूरच्या मालतीनं, माझ्या मैत्रिणीनं, ते मनावर घेतलं. तिच्या नवऱ्यालाही दम्याचा त्रास, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर तसलाच एसी. मी तिच्या घरी बसलेली असतानाच तिनं त्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वेंकटेश त्याचं नाव.

"उणकलच्या आमच्या मैत्रिणीकडे तुम्ही साफ केलंत ना, तसंच करून द्या."

"उणकल?" तो म्हणाला. "दुबईवाल्यांचं घर? तिथं काम झालंच नाही हो अक्का. मी आत कॅमेरा घालून बघितलं. किरकोळ धूळ. बुरशी नाही, काही नाही. त्या घरच्या अण्णांना सांगितलं, साफ करून देतो, पण शिंका थांबतील असं मी बोलणार नाही. उद्या मलाच शिव्या घालाल. ते म्हणाले, राहू दे मग, फक्त फिल्टर बदला. त्यांना घाई होती. पोत्यात मांजर ओरडत होतं ना."

मालतीनं फोन बंद केला. मग उठून माझ्यासाठी पाणी आणलं. मी ते हातात धरून बसले.

घरी आले तेव्हा योगिता भाजी निवडत होती.

"गोदूबाई कुठे आहेत?"

तिनं दचकून वर बघितलं. "अळणावरला. एका भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे. तुम्हीच तर..." ती थांबली. "हे म्हणाले, आईच म्हणाली घेऊन जा म्हणून. माझ्या देखत नको, योगिताजवळ विषयही काढू नको, मला रडू येईल. म्हणून मी कधी बोलले नाही. आई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिच्या हातातली मेथी तशीच राहिली. मग ती जे रडायला लागली! म्हटलं, आता हिच्या शिंका पुन्हा सुरू होतात की काय. तिच्या पाठीवरून हात फिरवायचं कामही माझ्याकडेच आलं.

मुकुल आला, आमच्या दोघींची तोंडं बघितली आणि चप्पल काढता काढताच बोलायला लागला. "आई, तू हो म्हणाली नसतीस."

"विचारलं होतंस?"

"विचारून काय झालं असतं? तू त्या डक्टच्या मागे लागली होतीस. मी खरंच माणूस बोलावला, तो म्हणाला उपयोग नाही. मग मी काय करायचं? हिला रात्रभर बसून राहावं लागत होतं. बघ आता, झोपते."

झोपत होती, हे खरं. गोदूबाईच कारण होत्या, हेही खरं निघालं. तेवढं गिळायला मी तयार होते. ज्या रात्री तिला बसून श्वास घ्यावा लागला, त्या रात्री मीच तिच्या पाठीशी उशा लावल्या होत्या. त्यानं समोर बसून म्हटलं असतं, की आई, डक्टमध्ये काही नाही, तर मी स्वतः गोदूबाईंना पिशवीत घालून रुक्मिणीकडे नेलं असतं. आणि हा मला तळ्याकाठी वाटी घेऊन फिरताना बघत होता. एकदा तर बॅटरी धरून माझ्याबरोबर आला होता. हाकासुद्धा मारल्या त्यानं.

"पत्ता दे," मी म्हटलं. "शेतकऱ्याचा."

"रविवारी गाडीनं नेतो तुला."

"पत्ता दे."

रुक्मिणीला फोन केला. ती म्हणाली, "आण की. माझ्याकडे कोण शिंकतंय?" सकाळी एक झाकणाची टोपली घेऊन मी अळणावरची बस धरली.

तो शेतकरी सटवाजी आणि त्याची बायको हिराबाई यांचं घर गावाबाहेर. सटवाजी रानात गेला होता. हिराबाई अंगणात सूप घेऊन बसली होती, आणि तिच्यामागे भाताच्या पोत्यांवर, बरोबर उन्हाच्या जागी, गोदूबाई.

"मांजर बघायला आले," मी म्हटलं. पुढचं काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, पण तिनं बोलूच दिलं नाही.

"बघा की. लई गुणाचं हाय. उंदीर ठेवला न्हाई घरात. हुबळीच्या एका साहेबांनी आणून दिलं." तिनं आवाज खाली आणला. "त्येंची आई पाळायची म्हणं हेला. ती म्हातारी वारली, आता बघायला कोण न्हाई म्हणाला. डोळ्यात पाणी होतं पोराच्या. मग न्हाई कसं म्हणायचं?"

मी पायरीवर बसले. गोदूबाई उठल्या, आळस दिला, सावकाश खाली आल्या आणि माझ्या पायाला पाठ घासायला लागल्या.

"वळख हाय व्हय तुमची?" हिराबाईनं विचारलं. "तुम्ही कोण त्येंच्या?"

शेजारीण म्हणून वेळ मारून नेता आली असती. मुलाची लाज राखायची सवय जुनी, ते शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा.

"मीच ती," मी म्हटलं. "वारलेली."

हिराबाईनं सूप खाली ठेवलं. मला वरून खालपर्यंत बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली, आणि मग हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि म्हातारीबी न्हाईसा!"

तिनं चहा पाजला. मांजर सोडताना तिलाही जड गेलं, पण टोपलीत तिनंच उचलून ठेवलं. "मालकीण जित्ती असताना आमी कसं ठेवून घ्यायचं," म्हणाली. निघताना तिनं टोपलीवर ओला पंचा टाकला, उन्हात त्रास नको म्हणून.

रुक्मिणीच्या दारात पोचले तेव्हा फोनवर मुकुलचे बरेच कॉल येऊन गेलेले. मी लावला तो योगिताला.

"आई, कुठे आहात? आज येताय ना?"

"धारवाडला आहे. इथंच राहीन म्हणते."

"किती दिवस?"

"ते मलाही नाही ठरवता आलं. तू ये भेटायला. ॲलर्जीची गोळी खाऊन ये, आणि आत नको, आपण व्हरांड्यात बसू."

"हे शेजारी उभे आहेत. विचारताहेत, अळणावरच्या त्या लोकांना तुम्ही काय सांगितलंत? ह्यांना काय सांगू?"

टोपलीत गोदूबाई ओरडायला लागल्या होत्या. मी झाकण उघडलं.

"तू काही सांगू नकोस," मी म्हटलं. "त्याला म्हणावं, इथं येऊन मला विचार."