एक्केचाळीस खराब नोंदी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हाची नाही आणि थंडीचीही नाही. माझ्या ताणल्या जाणाऱ्या लाल कापडात बत्तीस छोट्या चकत्या बसवल्या आहेत आणि प्रत्येक चकतीला एक वायर आहे. मला डोक्यावर चढवले, की मेंदूत उठणाऱ्या विजेच्या बारीक लहरी मी टिपते आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या रेघा उमटतात. हजारभर लोकांच्या डोक्यावर मी बसले, पण टोपी मात्र एकालाही घातली नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, मला छाती नसली तरी.

मला शिवणाऱ्या बाईने पाठवण्याआधी स्वतःच्या डोक्यावर घालून आरशात पाहिले होते. तिथून मी आले ती थेट मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तिथली ताई मला लोकांच्या डोक्यावर बसवायची आणि चकत्यांखाली पिचकारीने गार जेल भरायची. "सुई नाही हं यात," हे ती प्रत्येकाला न चुकता सांगायची. काम झाले, की ती मला बेबी शाम्पूने धुवायची आणि मऊ टूथब्रशने एकेक चकती घासायची. माझे लाड काही विचारू नका. प्रयोगशाळेचे सर तर पाहुण्यांना सांगायचे, "हिच्याइतकी स्वच्छ नोंद दुसरी टोपी देत नाही." मी फुगून जायची.

सर अति काळजी करणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होते. माणूस आला, की आधी शंभर प्रश्नांची प्रश्नावली भरायचा. मग मला घालून चाळीस मिनिटे निश्चल बसायचा. ज्याची नोंद स्वच्छ येईल, त्याला अभ्यासात जागा आणि समुपदेशकाकडे बारा आठवडे मोफत उपचार. पापण्या फार मिटमिटल्या किंवा दात आवळले, की जाड रेघा उठतात आणि मेंदूच्या लहरी त्यांखाली झाकल्या जातात. अशा नोंदीवर सर लाल शाईने 'खराब' लिहीत आणि ती खालच्या खणात जाई.

एक घड्याळजी आपल्या बायकोबरोबर आले. दुकानाला कुलूप लावून ते चार-चारदा परत जायचे, कुलूप ओढून बघायला. दुरुस्त केलेले घड्याळ बंद पडेल आणि आपल्यामुळे कुणाची तरी परीक्षा हुकेल, या धास्तीने त्यांनी दुरुस्तीला नवी घड्याळे घेणेच सोडले होते. धास्तीने त्यांच्या पापण्या सारख्या मिटमिटत, म्हणून पहिली नोंद खराब झाली. दुसरीही झाली. तिसऱ्या वेळी मला काढताना ते म्हणाले, "राहू द्या, ताई. मशीनलासुद्धा माझं डोकं वाचता येत नाही. स्वभावच आहे माझा, त्याला औषध नसतं."

"स्वभाव कसला?" त्यांची बायको म्हणाली. "लग्नात हे असे नव्हते. आता दुकान विकायला निघालेत."

मला फार वाईट वाटले. माझ्या स्वच्छतेच्या तोऱ्यापायी एक माणूस दारातून परत चालला होता.

त्या दुपारी मला धुताना ताई मध्येच थांबली. तिने फेसाचे हात पुसले, खालचा खण उघडला आणि एक्केचाळीस जणांच्या खराब नोंदींशेजारी त्या त्या माणसाची प्रश्नावली मांडली. मग ती सरांना म्हणाली, "सर, यातल्या छत्तीस जणांची काळजी आपल्या यादीत सगळ्यात जास्त आहे. अभ्यास काळजीचा ना? मग काळजी करणारेच आपण घरी पाठवतोय."

सरांनी कागद दोनदा पाहिले. काळजी करणाऱ्याच्या आणि न करणाऱ्याच्या मेंदूत काही फरक दिसत नाही, असा त्यांचा निबंध आठ दिवसांनी परिषदेत वाचायचा होता. "फरक दिसणार कसा?" ते हळूच म्हणाले. "फरकवाले सगळे या खणात आहेत." त्यांनी निबंध मागे घेतला. मित्रांनो, त्या दिवशी मला सरांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःचाही कधी वाटला नव्हता.

मग पद्धत बदलली. पाच मिनिटे बसायचे, मग हवे तेवढे डोळे मिटमिटायचे, मग पुन्हा पाच मिनिटे. डोळ्यांजवळ दोन जादा चकत्या आल्या, म्हणजे पापण्यांचा वाटा वेगळा ओळखून वजा करता येईल. ताईने एक्केचाळीस जणांना फोन केले. घड्याळजींना बायकोने जवळजवळ ओढतच आणले.

"काका, चूक आमची होती, तुमची नाही," ताई म्हणाली.

त्यांच्या कपाळाची कातडी माझ्याखाली सैल पडलेली मला कळली. नोंद झाली. बारीक, खऱ्या लहरी पडद्यावर धावल्या आणि घड्याळजींना जागा मिळाली. एक्केचाळिसांपैकी सदतीस जणांना मिळाली! नवा निबंध सरांनी परिषदेत वाचला, तेव्हा त्यावर ताईचेही नाव होते.

आता माझे कापड सैल झाले आहे आणि चौसष्ट चकत्यांची नवी टोपी आली आहे. येऊ दे बापडी. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या बाकावर, तुमच्या घरी कुणी स्वस्थ बसत नसेल, तर त्याच्यावर लगेच लाल शाई ओतू नका. त्याला कसली भीती वाटते, ते आधी विचारा.

बारा आठवड्यांनी घड्याळजी शेवटच्या नोंदीला आले, ते सांगायचे राहिलेच. दुकान विकले नव्हते, चालू होते आणि फळीवर दुरुस्तीची अकरा घड्याळे होती. जागे राहून बसायची सूचना होती, पण दहाव्या मिनिटाला ते माझ्याखाली चक्क घोरायला लागले. पडद्यावरच्या रेघा पार बदलल्या.

"सर, नोंद खराब झाली," ताई कुजबुजली.

सरांनी हातातले लाल पेन खिशात ठेवले. "झोपू दे त्यांना," ते म्हणाले.